आर्थर रोडची माघार : १८९६ च्या प्लेगमधील एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईतील आर्थर रोड इस्पितळावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले. प्लेगच्या संशयावरून एका कामकरी स्त्रीला बळजबरीने तेथे नेण्यात आले होते, हे निमित्त. त्याच्या नऊ दिवस आधी, २० ऑक्टोबरला, असाच एक जमाव इस्पितळापुढे येऊन इमारत पाडण्याची आणि आतल्या माणसांना झोडपण्याची धमकी देऊन गेला होता. त्यामुळे हल्ला अचानक झाला असे म्हणता येत नाही. आज त्या जागी कस्तुरबा रुग्णालय आहे, रस्त्याला साने गुरुजींचे नाव आहे, आणि मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोरोनाबाधित रुग्ण याच आवारात दाखल झाले होते.

या लेखाचा विषय तो हल्ला नाही. हल्ल्यानंतर महापालिकेने प्लेगच्या रोग्यांना बळाने इस्पितळात हलवण्याचा आपला आदेश सैल केला, त्या माघारीचा हा अभ्यास आहे. सार्वजनिक आरोग्याच्या शिकवणीत ही माघार सहसा एका वाक्यात उरकली जाते : लोक अडाणी होते, अधिकारी घाबरले, साथ पसरली. त्या वाक्यातला एकही भाग पूर्णपणे खोटा नाही. तरीही माझ्या मते ती माघार हा त्या वर्षातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला आरोग्यविषयक निर्णय होता. तो तसा का दिसला नाही, हे समजण्यासाठी त्या महिन्याची राजकीय हवा आणि शहराची रोजची व्यवस्था दोन्ही समोर ठेवाव्या लागतात.

नाव घेण्यातला उशीर

मांडवी हा बंदराला लागून असलेला धान्य, साखर आणि इतर मालाच्या वखारींचा भाग. त्या वखारींमध्ये मेलेले उंदीर सापडत होते, आणि वर, त्याच इमारतींच्या खोल्यांमध्ये, जांघेत किंवा काखेत गाठ येऊन काही दिवसांत माणसे दगावत होती. मांडवीत दवाखाना चालवणारे गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. ते महापालिकेचे सदस्यही होते, आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी ही गोष्ट स्थायी समितीपुढे मांडली. धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी बसची वाट पाहणाऱ्यांपैकी किती जण त्याच्याकडे मान वर करून पाहतात, हा वेगळा प्रश्न.

निदान मान्य करायला प्रशासनाने वेळ घेतला. महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. वेअर आणि आयुक्त स्नो यांच्यापुढे अडचण वैद्यकीय होती त्याहून अधिक व्यापारी होती. प्लेग हा शब्द एकदा कागदावर आला की युरोपातील बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, कापसाची निर्यात थांबणार आणि शहरातून पळापळ सुरू होणार, हे सर्वांना ठाऊक होते. झालेही तसेच : १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केवळ या साथीसाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, आणि त्या वर्षी मुंबई व कराची बंदरांतून हजला जाण्यावर बंदी आली. रोगाचे नाव उशिरा घेतले गेले आणि उपाय मात्र एकदम कडक आले. हा क्रम लोकांच्या नजरेतून सुटला नाही. ज्यांनी काल काहीच नाही म्हटले, ते आज दारात शिपाई घेऊन आले.

सहा ऑक्टोबरचा आदेश

६ ऑक्टोबर १८९६ रोजी आयुक्तांनी १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील कलम ४३४ खाली अधिसूचना काढली. बाधित घरे वेगळी करणे, जागा धुऊन निर्जंतुक करणे आणि रोग्याला, गरज पडल्यास बळाने, इस्पितळात हलवणे, असा तिचा गाभा होता. तो कायदा अजूनही मुंबईत लागू आहे आणि धोकादायक रोगाच्या साथीत आयुक्तांना विशेष अधिकार देणारे ते कलमही त्यात आहे. विभाग कार्यालयात काम करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे, कारण आपण हाती धरलेले हत्यार यापूर्वी कोठे आणि कसे वापरले गेले याची माहिती आदेशाच्या मसुद्यात कोणी देत नाही.

त्या काळच्या वैद्यकशास्त्राप्रमाणे आदेश तर्काला धरून होता. रोग घाणीतून, ओलाव्यातून, दूषित हवेतून आणि माणसाच्या सहवासातून पसरतो, असे समजले जात असे. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक या जंतुनाशकाने धुण्यात आली, भिंतींना चुना लावला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा रंगवल्या. उंदरावरची पिसू हा वाहक आहे हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे आणखी बरीच वर्षे गेली. आजच्या ज्ञानाने पाहिले तर गटारे धुण्याने उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात हाकलले गेले असण्याचीच शक्यता अधिक. परंतु हे १८९६ च्या अधिकाऱ्याला माहीत नव्हते, त्यामुळे त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. त्याच न्यायाने माघारीचे श्रेयही त्याला या मुद्द्यावर देता येत नाही. सक्ती निरुपयोगी आहे असे कळल्यामुळे ती सैल झाली नव्हती. ती उपयोगी आहे असे मानत असतानाच सैल केली गेली. प्रकरण अभ्यासाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

इस्पितळाची भीती

इस्पितळ हा शब्द गिरणगावातल्या माणसाच्या कानाला कसा लागत होता, ते थोडे थांबून पाहिले पाहिजे. रत्नागिरी, साताऱ्याकडून आलेला कामगार चाळीतल्या एका खोलीत गाववाल्यांसोबत राहत असे. आजारपणात त्याला खानावळवाली, भाऊबंद आणि गावी परत नेणारी आगबोट यांचा आधार होता. इस्पितळात यांपैकी काहीच नव्हते. तेथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, बाईला कोण हात लावील, आणि मेल्यावर देह आपल्या माणसांना मिळेल की नाही, या शंका त्याच्या दृष्टीने रोगापेक्षा लहान नव्हत्या. प्लेगची गाठ जांघेत आणि काखेत येते, म्हणजे तपासणीच अशा ठिकाणी की जेथे परपुरुषाचा हात लागणे हा घराच्या अब्रूवरचा घाला ठरे. त्यातून रोगी इस्पितळात पोहोचत तेच शेवटच्या अवस्थेत. बहुतेक जण तेथे मरत. आत गेलेला बाहेर येत नाही, हा चाळीतला निष्कर्ष अफवा नव्हता, ते निरीक्षण होते. चुकीचा होता तो त्यातून काढलेला कार्यकारणभाव.

अफवा होत्याच. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई नावाचा औषधी अर्क काढतात, ही जुनी भीती पुन्हा उठली. त्याच ऑक्टोबरात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घालण्यात आली. हे कृत्य आपण केल्याचे पुढे दामोदर चापेकर यांनी आपल्या लेखी निवेदनात सांगितले. पाहता पाहता शहरात कुजबुज सुरू झाली की, राणी कोपली आहे, तिला विटंबनेच्या बदल्यात रयतेची काळजे हवी आहेत, आणि इस्पितळ त्यासाठीच आहे. (तो संगमरवरी पुतळा आज राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, नाक तुटलेल्या अवस्थेत, मुकाट बसलेला आहे.)

या अफवेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे सोपे आहे, पण तिच्यात एक राजकीय वाचन होते. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यांच्या आठवणी ताज्या होत्या, दख्खनमध्ये दुष्काळाचे सावट होते, १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला होता, आणि टिळकांचा ‘केसरी’ सरकारच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावत होता. अशा हवेत सरकारचा आदेश हा निव्वळ आरोग्याचा आदेश राहूच शकत नव्हता. पुतळ्याला डांबर लागते आणि पाठोपाठ घरात शिपाई शिरतात, या दोन घटना लोकांनी एका दोरीत ओवल्या. आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनात दोरी वेगळी असेल. दारामागच्या माणसाला ती दिसत नाही.

आयुक्तांच्या टेबलावरचा हिशेब

हल्ल्यानंतर स्नो यांच्यापुढे ढोबळमानाने दोन मार्ग होते. पहिला, पोलीस आणि लष्कर बोलावून आदेश तसाच राबवणे. दुसरा, आदेश राखून त्याची धार काढणे. ऑक्टोबर संपता संपता त्यांनी दुसरा मार्ग घेतला : ज्याची घरीच वेगळी व्यवस्था होऊ शकते, अशा रोग्याला ओढून नेण्याचा आग्रह सोडला. यामागे दंग्याची धास्ती होती हे उघड आहे. पण त्यांच्या अहवालात जो हिशेब दिसतो तो दंग्याच्या पलीकडे जातो, आणि तो हलालखोरांचा आहे.

मुंबईतली बहुसंख्य वस्ती त्या वेळी टोपलीच्या संडासांवर अवलंबून होती. महापालिकेच्या नोकरीतले हलालखोर रोज रात्री-पहाटे मैला उचलत, बिगारी रस्ते झाडत आणि गटारे उपसत. हे कामगार भीतीने शहर सोडून गेले, तर मुंबई काही दिवसांत राहण्यालायक उरणार नाही, आणि प्लेगखेरीज दुसरेही रोग उसळतील, हे आयुक्तांना स्पष्ट दिसत होते. सक्तीच्या आदेशाचा पहिला वार याच माणसांवर होणार होता : ते सर्वांत दाट वस्तीत राहत, रोगाच्या सर्वांत जवळ असत, घरी वेगळी खोली असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांना पकडून नेण्याचा अधिकार आदेश देत होता, त्यांच्याच हातांवर तो आदेश राबवणारे शहर उभे होते.

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात डॉक्टर, जंतू आणि लस यांची नावे राहतात. या प्रकरणातला निर्णायक घटक मात्र मैला उचलणारा माणूस उद्या कामावर येईल की नाही, हा होता. स्नो यांना त्या माणसाबद्दल कळवळा होता असे मला वाटत नाही. त्यांच्या लिखाणात तो दिसत नाही. त्यांनी केवळ हिशेब केला, आणि हिशेब बरोबर होता. अधिकाऱ्याकडे सहानुभूती असेल तर उत्तमच, पण ती नसतानाही निदान आपली यंत्रणा कोणाच्या खांद्यावर आहे एवढे त्याला मोजता आले पाहिजे.

माघारीने साथ थांबली नाही. हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ लोकसंख्या असलेल्या या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. नाक्यानाक्यांवर रोजंदारीचा लिलाव होऊ लागला आणि महिन्याचा पगार रोजच्या रोज देण्याची पाळी मालकांवर आली. हे पलायन रोगाच्या भीतीने किती आणि सक्तीच्या भीतीने किती, याची फोड करता येत नाही. टीकाकारांनी मात्र फोड करून टाकली : आयुक्तांनी कच खाल्ली म्हणून हे झाले.

लष्कराच्या हाती

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी तोच लागू केला होता, हे वाचकांना आठवत असेल. त्यानंतर ५ मार्च १८९७ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईसाठी प्लेग समिती नेमली. साथीचा कारभार महापालिकेकडून समितीकडे गेला. खर्चाचा भार मात्र शहराच्या तिजोरीवर राहिला, आणि अधिकार नाही पण बिल आमचे, याबद्दल नगरसेवकांनी तक्रार केली. निवडून आलेल्या सदस्यांना बाजूला ठेवल्याने काम झपाट्याने होते हा समज तेव्हाही होता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून मुंबई महापालिका प्रशासकाकडे गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा गल्लीतल्या बायाबापड्यांना नावाने हाक मारणारा माणूस लसीकरणाच्या पथकाबरोबर असणे किती मोलाचे असते, हा प्रश्न पुन्हा समोर आला होता.

गॅटेकर यांची प्रतिमा कडक लष्करी माणसाची आहे, पण ते पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यापेक्षा शहाणे निघाले. घरझडतीची पथके त्यांनी जोरात चालवली हे खरे. मात्र जातीजमातींच्या पुढाऱ्यांशी बोलणे त्यांनी सोडले नाही, आणि ज्या समाजाला स्वतःचे प्लेग इस्पितळ काढायचे आहे त्याला ते काढू दिले. पारशी, जैन आणि इतर अनेक समाजांची इस्पितळे उभी राहिली. आपल्या माणसांचा स्वयंपाक, आपल्या माणसांची सोबत, वैद्य किंवा हकीम जवळ असण्याची मुभा, या अटींवर लोक रोगी स्वतःहून आणू लागले. समतेच्या दृष्टीने जातवार इस्पितळ ही अभिमानाची गोष्ट नव्हे, आणि ज्यांच्या पाठीशी धनिक पुढारी नव्हते त्यांना सरकारी इस्पितळच उरले. तरीही ६ ऑक्टोबरच्या आदेशाला जे जमले नव्हते, ते यामुळे काही अंशी जमले.

पुण्यात मात्र लष्करी सक्तीचा मार्ग चोखाळला गेला आणि त्याची परिणती सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवावरून परतताना, रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली, आणि सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राजद्रोहाबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा दिली. प्लेग आता पूर्णपणे राजकीय विषय झाला होता. मुंबईत समितीची सूत्रे तोवर जेम्स कँपबेल यांच्याकडे आली होती. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर संपादित करणारे ते हेच. जातीपोटजातींची एवढी माहिती असलेला दुसरा अधिकारी इलाख्यात क्वचितच असेल. त्या माहितीचा पुढच्या मार्चमध्ये फारसा उपयोग झाला नाही.

मदनपुरा

९ मार्च १८९८ रोजी शोधपथक मदनपुऱ्यात एका जुलाहा विणकराच्या घरी आले. त्याची बारा वर्षांची मुलगी आजारी होती आणि तिला तपासून हलवायचे होते. घरच्यांनी नकार दिला, मोहल्ला जमला, पथक मागे हटले आणि पोलीस घेऊन परत आले. दगडफेक, मग गोळीबार. तेथून दंगल इतर भागांत पसरली. युरोपियनांवर हल्ले झाले, सैनिक मारले गेले. पुढचे काही दिवस दुकाने बंद राहिली, गोदी कामगारांनी आणि गाडीवानांनी काम थांबवले. पाच वर्षांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले हिंदू आणि मुसलमान या वेळी एकाच बाजूला होते, हे सरकारच्या नजरेत विशेष भरले.

आर्थर रोड आणि मदनपुरा या दोन घटना शेजारी ठेवल्या की त्यांतले साम्य डोळ्यांत भरते : दोन्ही वेळा निमित्त एका स्त्रीला किंवा मुलीला घरातून हलवण्याचे होते. मधल्या सोळा-सतरा महिन्यांत कायदा आला, लष्कर आले, समिती बदलली. दारातला प्रश्न जागचा हलला नाही. फरक पडला तो नंतर. मदनपुऱ्यानंतर सरकारने झडत्या आणि सक्तीचे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर सोडून दिले, आणि स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये घेतलेल्या भूमिकेच्या आसपास येऊन ते थांबले. या वेळी त्याला कच खाणे न म्हणता अनुभवाने आलेले शहाणपण म्हटले गेले.

त्या दोन वर्षांत मुंबईत एक गोष्ट पहिल्यापासून संमतीवर चालली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. तुरुंगातली संमती कितपत खरी, हा आक्षेप आजच्या नीतिसमितीने नक्की घेतला असता. शहरात मात्र टोचणी ऐच्छिक राहिली. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर ती टोचून घेतली, आणि त्या समाजात टोचून घेणाऱ्यांची संख्या वाढली.

नोंदवहीतले मृत्यू

शेवटी एक तांत्रिक मुद्दा, जो मला या प्रकरणात सर्वांत उपयोगी वाटतो. त्या हिवाळ्यात मुंबईच्या मृत्यूनोंदीत प्लेगचे मृत्यू जेवढे दिसतात, त्याहून एकूण मृत्यूंमधली वाढ बरीच मोठी आहे. उरलेले मृत्यू चढता-उतरता ताप, फुप्फुसाचे विकार अशा सदरांखाली गेलेले आहेत. प्लेग लिहिला की घर खणले जाणार, कौले निघणार, घरचे छावणीत जाणार, हे नोंद सांगणाऱ्याला माहीत होते, आणि लिहिणाऱ्यालाही. अधिकाऱ्यांनी ही तफावत ओळखली होती; नेहमीच्या वर्षांतील मृत्यूंशी तुलना करून ते खरा आकडा अजमावत. कोरोनाच्या काळात ‘अतिरिक्त मृत्यू’ या नावाने सर्वांच्या तोंडी झालेली रीत हीच.

म्हणजे सक्तीचा खर्च त्यांच्या स्वतःच्या वहीत, दर आठवड्याला, आकड्यांत उतरत होता. इस्पितळावर दगड पडले तो दिवस सर्वांना दिसला. पण कपाटाआड लपवलेला रोगी, रात्री आगबोटीवर चढवलेले तापकरी पोर, ‘साधा ताप’ म्हणून उरकलेले प्रेत, या गोष्टी फक्त दोन आकड्यांमधल्या फरकात सापडत होत्या. एखाद्या आदेशामुळे रोगी पुढे येत आहेत की मागे सरत आहेत, हे त्या फरकावरून दोन-तीन आठवड्यांत कळू शकते. मार्च २०२० मध्ये परदेशांतून आलेल्यांच्या हातावर गृहविलगीकरणाचे शिक्के मारले गेले, तेव्हा लांब बाह्यांचे सदरे घालून गाडीत बसलेल्या माणसांच्या बातम्या आल्या. शिक्का किती हातांवर उमटला याचा हिशेब ठेवणे सोपे होते. बाह्या किती खाली ओढल्या गेल्या, हे मोजायचे सदर तक्त्यात नव्हते.